परमुलुखातला पत्ता

आमच्या घराचा पत्ता सांगताना माझी नेहमी थोडी तारांबळ उडते. पुण्या-साताऱ्याकडील आप्तेष्ट ‘सेक्टर ६७, चंदीगड’ एवढे लिहून मोकळे होतात. वास्तविक चंदीगड ह्या केंद्रशासित नगरीची हद्द आमच्या आधीच संपते. सेक्टरांचे आकडे मात्र हद्द ओलांडून तसेच पुढे चालत येतात, आणि आमचा सेक्टर पंजाब राज्यातील मोहाली, म्हणजेच साहिबजादा अजितसिंग नगर, ह्या शहरात मोडतो. पाकीट कोठे अडत नाही, ते घरी येऊन पोहोचते. परंतु घर भाड्याने घेतल्याची पोलिसांत नोंद करावयाची असो, की मतदारयादीत नाव घालावयाचे असो, तेथे ‘चंदीगड’ म्हणून भागत नाही. आपण नक्की कोणाच्या हद्दीत राहतो, हे आपल्याला ठाऊक असावे लागते.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. मलाही एके काळी तशीच वाटे. ती क्षुल्लक नाही, हे मी एका दूरच्या देशात फार महाग किंमत देऊन शिकले. तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

गेल्या हिवाळ्यातील एका संध्याकाळी शेजारच्या बीजी आपल्या नातीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी संगणकशास्त्राची पदवीधर. बँकॉकमधील एका कंपनीत तिला नोकरी मिळाली होती आणि महिन्याभरात तिला निघावयाचे होते. यजमानांच्या नोकरीनिमित्त मी २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षे त्या शहरात संसार केला, हे आमच्या गल्लीत सर्वांना माहीत आहे. बीजी खुर्चीवर टेकल्या, शाल सारखी केली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बेटा, ओत्थे आटा मिलदा है?”

नात बिचारी ओशाळली. “बीजी, तुम्ही तरी काय!” असे काहीसे पुटपुटली. पण वाचकहो, आपण हसू नये. घर सोडून निघणाऱ्या माणसाविषयी घरात राहणाऱ्या माणसाला पहिली काळजी पडते ती पिठाचीच. मी २०१४ साली निघाले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी हिंगाच्या चार डब्या माझ्या कपड्यांच्या घडीत लपवून ठेवल्या होत्या. सामान उघडले तेव्हा साऱ्या साड्यांना त्यांचा वास लागला होता, आणि त्या वासानेच मला पहिल्या रात्री रडू आले.

मी बीजींना म्हटले, “आटा मिळतो, बीजी. डाळी मिळतात, हिंग मिळतो, मोहरी मिळते.” बँकॉकच्या जुन्या भागात, चिनी वस्तीला लागून, पाहुरत नावाचा बाजार आहे. तेथे पंजाबी कापडव्यापाऱ्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यांच्या मधोमध सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे आणि आसपासच्या बोळांत किराणा मिळतो. कोकणी माणसाला तर थायलंड परके वाटूच नये. नारळ, चिंच, कैरी, केळीचे पान, तांदळाची पिठी ह्या त्यांच्या रोजच्याच वस्तू आहेत.

शाकाहाऱ्याने मात्र थोडी भाषा शिकून जावे. तेथे मासळीचा खारा रस, ज्याला ‘नाम प्ला’ म्हणतात, आपल्या मिठासारखा भाजीतही पडतो, आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. त्याच्या लेखी ती भाजीच असते! ‘माइ साइ नाम प्ला’, म्हणजे ‘मासळीचा रस घालू नका’, एवढे वाक्य पाठ असले की पुष्कळ निभावते. शाकाहाराला त्यांच्या भाषेत दोन शब्द आहेत. ‘जे’ हा चिनी परंपरेतील कडक नेम. त्यात मांस, मासे, अंडे, दूध नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. अशा दुकानावर पिवळ्या निशाणावर तांबडे अक्षर असते. दुसरा शब्द ‘मांगसविरत’. तो नीट कान देऊन ऐका. आपली ‘मांसविरती’च ती! ह्या प्रकारात अंडे व दूध येऊ शकते. आमच्या एका जैन स्नेह्यांनी पहिले सहा महिने पिवळ्या निशाणाच्या आधारावर काढले होते.

ह्या सर्व बोलण्याने बीजींचे समाधान झाले. मग नातीने आपली वही उघडली. तिचे प्रश्न निराळे होते. भाडे किती, फोनची जोडणी कशी घ्यावी, विजेची उपकरणे न्यावीत की नाहीत. मी तिला सांगितले, की वीज तेथेही २२० व्होल्टांचीच आहे. मिक्सर चालतो, फक्त आपल्या जाड खिळ्यांचे प्लग तेथल्या भोकांत बसत नाहीत, तेव्हा जोड न्यावा. नळाचे पाणी लोक सहसा पीत नाहीत, ते बाटलीचे वा गाळणीचे घ्यावे. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावतात. घर विकत घेण्याचा विचार इतक्यात नको. परदेशी माणसाला जमीन सहसा नावावर घेता येत नाही, आणि इमारतीतील सदनिका घ्यावयाची तर त्या इमारतीच्या एकूण क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांहून अधिक भाग परदेशीयांच्या मालकीचा असू शकत नाही.

मुलगी भराभर लिहीत होती. मी तिला थांबवून म्हटले, “बेटा, हे सारे तुला तेथे गेल्यावरही कळेल. आधी मला सांग, ही नोकरी तुला कोणी दिली?”

हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. आमच्या मोहालीत परदेशी पाठविणाऱ्या दलालांच्या पाट्यांना तोटा नाही. पंजाबात ह्या धंद्यासाठी परवाना लागतो. २०१२ साली त्यासाठी कायदाच करावा लागला, इतका फसवणुकीचा सुळसुळाट झाला होता. थायलंडच्या बाबतीत तर अलीकडे भीषण प्रकार घडले. संगणकाची नोकरी, भरघोस पगार, असे सांगून तरुणांना बँकॉकला न्यावयाचे, तेथून माए सोत ह्या सरहद्दीच्या गावावरून नदीपार म्यानमारमधील म्यावाडी भागात पोहोचवावयाचे, आणि पासपोर्ट हिसकावून त्यांच्याकडून दूरध्वनी-संगणकाच्या साहाय्याने लोकांना लुबाडण्याचे काम करवून घ्यावयाचे. भारत सरकारने २०२२ साली ह्याविषयी जाहीर इशारे दिले. मार्च २०२५ मध्ये तर हवाईदलाची विमाने पाठवून ५०० हून अधिक भारतीयांना माए सोत येथून परत आणावे लागले. तेव्हा कंपनीचे नाव, पत्ता आणि नोकरीचा करार आपल्या वकिलातीकडून पडताळून घ्यावा, आणि नोकरीसाठी जावयाचे तर नोकरीचाच व्हिसा घ्यावा. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसावाचून प्रवेशाची सवलत थायलंडने दिली. तिच्या अटी व मुदती बदलत आल्या आहेत. परंतु ती सवलत पाहुण्यासाठी आहे, नोकरदारासाठी नाही. ‘आधी या, मग कागद करू’ असे जो म्हणेल, त्याच्या दारात पाऊल टाकू नये.

मुलीची कागदपत्रे चोख होती. कंपनीही खरी होती. बीजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग मी तिला वहीचे पहिले पान उघडावयास सांगितले आणि त्यावर तीन गोष्टी लिहावयास लावल्या.

पहिली गोष्ट पत्त्याची. थायलंडात परदेशी माणूस घरात उतरला, की त्याची वर्दी २४ तासांच्या आत सरकारला द्यावी लागते. ती देण्याची जबाबदारी घरमालकाची असते, पण न दिल्याचा त्रास भाडेकरूला भोगावा लागतो. पुढे कचेरीत कोणतेही काम निघाले, की प्रथम तीच पावती मागतात. म्हणून घर ठरवितानाच मालकाला विचारावे, की वर्दी देणार ना? जो टाळाटाळ करील, त्याचे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. हे ऐकून मुलगी म्हणाली, “आंटीजी, हा तर संशयच झाला.” मी म्हटले, “आपल्याकडेही परदेशी पाहुणा घरी वा हॉटेलात उतरला तर कळवावे लागतेच. आपण कधी परदेशी झालो नाही, म्हणून आपल्याला ते ठाऊक नसते.”

दुसरी गोष्ट ९० दिवसांची. सलग ९० दिवस त्या देशात राहिलेल्या परदेशी माणसाने आपण अजून अमुक पत्त्यावर आहोत असे कळवावयाचे असते, आणि मुक्काम असेपर्यंत दर ९० दिवसांनी ते पुन्हा कळवावयाचे. त्यासाठी मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत वेळ मिळतो. फी काही नाही, पण चुकल्यास दंड आहे. पावतीवर पुढील तारीख लिहिलेली असते. ती तारीख वाचतानाही सावध असावे, कारण थायलंडात बुद्धाब्द चालतो. आपल्या इसवी सनात ५४३ मिळविले, की त्यांचे साल निघते. आपले २०१६ म्हणजे त्यांचे २५५९. पहिल्या महिन्यात दुधाच्या पिशवीवरील साल पाहून मी यजमानांना म्हणाले होते, की हे दूध पाचशे वर्षे टिकते की काय! पुढे औषधाच्या बाटलीवरील तारीख वाचताना मात्र मला हसू आले नाही.

तिसरी गोष्ट लिहावयास सांगण्यापूर्वी मी थोडी थांबले. ती गोष्ट माझ्या आयुष्यात घडलेली आहे.

२०१६ चा श्रावण चालू होता. रात्री वाईहून भावाचा फोन आला, की आबांना बरे नाही, निघून ये. आबा म्हणजे माझे वडील. यजमानांनी मिळेल त्या विमानाचे तिकीट काढले. मुलगी सहा वर्षांची, तिची शाळा चालू. तिला यजमानांजवळ ठेवून मी एकटी निघाले. आमचा बँकॉकमधील मुक्काम वर्षभरासाठी मंजूर झालेला होता. पासपोर्टावर तसा शिक्का होता आणि त्यावरील तारीख पुढल्या वर्षीची होती. तेव्हा त्या बाजूने मी निश्चिंत होते.

विमानतळावर निघण्याचा शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने पासपोर्टाची पाने उलटली, माझ्याकडे पाहिले आणि ‘री-एंट्री?’ एवढा एकच शब्द विचारला. मला वाटले, परत येणार ना, असे हा सौजन्याने विचारतो आहे. मी मान डोलावली आणि ‘येस, येस’ म्हटले. त्याने पुन्हा एकदा विचारले. मी पुन्हा मान डोलावली. माझे सारे लक्ष वाईच्या त्या खोलीकडे लागले होते. त्याने शिक्का मारला.

त्या शब्दाचा अर्थ असा होता. वर्षभराचा मुक्काम मंजूर असला, तरी देशाबाहेर पाऊल टाकताच तो रद्द होतो. तो टिकवावयाचा असेल, तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. माझ्या वेळी एका खेपेच्या परवान्यास १,००० बाट आणि अनेक खेपांच्या परवान्यास ३,८०० बाट पडत. तो शहरातील कचेरीत मिळतो, आणि बँकॉकच्या मोठ्या विमानतळावर निघतेवेळीही घेता येतो. तो अधिकारी मला तेच सुचवीत होता. मी त्याला थांबवून ‘म्हणजे काय?’ एवढे विचारले असते, तर काही मिनिटांचे काम होते.

आबांची भेट झाली. त्यांनी मला ओळखले आणि नातीविषयी विचारले. दुसऱ्या दिवशी ते गेले. तेरावा झाला, आणि गणपतीपूर्वी लेकीजवळ पोहोचावे म्हणून मी तिकिटाची चौकशी केली, तेव्हा यजमानांच्या कचेरीतील माणसाने फोनवर खुलासा केला, की वहिनींचा व्हिसा आता उरलेला नाही. पर्यटकाच्या पंधरा दिवसांच्या व्हिसावर येता आले असते. परंतु पुढे आणखी घोटाळा नको, आता सर्व नव्याने आणि रीतसरच करावे, असा त्यांचा सल्ला पडला.

नव्याने म्हणजे अगदी पहिल्यापासून. यजमानांच्या कंपनीची पत्रे, त्यांच्या परवान्याच्या प्रती, आणि आमचा विवाह झाल्याचा साक्षांकित दाखला. येथे आपली मराठी नावे आडवी आली. विवाहाच्या दाखल्यावर माझे माहेरचे नाव, पासपोर्टावर सासरचे. मधले नाव एकीकडे वडिलांचे, दुसरीकडे पतीचे. आपल्याला त्यात काहीच विचित्र वाटत नाही, पण तिऱ्हाईत माणसाला त्या दोन निरनिराळ्या बायका दिसतात! त्या एकाच आहेत, असे प्रतिज्ञापत्र करून ते पुन्हा साक्षांकित करून घेण्यात आठवड्यामागून आठवडे गेले. वाई, सातारा, मुंबई अशा माझ्या खेपा चालल्या होत्या. आबांच्या मृत्यूचे दुःख करावयासही मला निवांत वेळ मिळाला नाही.

आणि तिकडे सहा वर्षांची मुलगी. यजमान सकाळी जात ते संध्याकाळी येत. तिला सांभाळले ते आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध पंजाबी बाईंनी. त्यांना आम्ही माताजी म्हणत असू. त्यांचा जन्म बँकॉकचाच. त्यांच्या सासऱ्यांनी पाहुरतमध्ये कापडाचा धंदा उभारला होता. पंजाबी, हिंदी आणि थाई ह्या तिन्ही भाषा त्या सारख्याच वेगाने बोलत. त्या दुपारी मुलीला शाळेच्या गाडीवरून उतरवून घेत, जेवू घालीत, तिची वेणी घालीत. ५ सप्टेंबरला गणेशचतुर्थी आली. मुलगी मोदकासाठी हटून बसली. माताजींना मोदक ठाऊक नव्हता. त्यांनी तिला बाजारात नेले आणि ‘खनोम तोम’ घेऊन दिले. तांदळाच्या पिठीच्या गोळ्यात नारळ आणि ताडगूळ भरून ते उकडतात आणि वर खोबरे घोळवितात. थाई लोक गणपतीपुढे तोच नैवेद्य ठेवतात. गणपती त्यांच्याही घरचा आहे. ते त्याला ‘फ्रा फिकनेत’ म्हणतात, ते आपल्या ‘विघ्नेशा’चेच रूप, आणि त्यांच्या सरकारी कलाखात्याच्या चिन्हावरही तोच विराजमान आहे. मुलीने फोनवर मला विचारले, “आई, ह्याला नाक नाही आणि कळ्या नाहीत, तरी बाप्पाला चालेल ना?” मी “चालेल” म्हटले. फोन खाली ठेवल्यावर किती तरी वेळ मला माजघरातून बाहेर येता आले नाही.

मी परतले ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी थायलंडचे राजे भूमिबोल ह्यांचे निधन झाले होते आणि सारे शहर काळ्या कपड्यांत होते. वर्षभराचा दुखवटा जाहीर झाला होता. दुकानांतील काळे कापड संपत आले होते, आणि लोक असलेले कपडे काळे रंगवून घेत होते. मुलीला घेऊन माताजी दारात उभ्या होत्या, त्यांच्याही अंगावर काळा दुपट्टा होता. मुलीने मला पाहताच धावत न येता, शाळेत शिकविल्याप्रमाणे, दोन्ही हात जोडून वाकून ‘वाय’ केला. कित्येक आठवडे लांबलेल्या आईशी कसे वागावे, हे तिला समजेना. मग ती आली.

माताजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि एवढेच विचारले, की पित्याचे शेवटचे दर्शन झाले ना? मी “हो” म्हटले. त्यांनी हात जोडले. त्यांना मी आभाराचे शब्द बोलू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, की आमचे वडीलधारे ह्या देशात आले त्या वेळी त्यांनाही कोणी तरी सांभाळले असेलच.

ही हकिगत मी पंजाबीमिश्रित हिंदीत सांगत होते. संपली तेव्हा बीजी डोळे पुशीत होत्या आणि नात वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहीत होती : ‘पुनःप्रवेश’. तिने त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग आमचे बोलणे इतर गोष्टींकडे वळले. मी तिला सांगितले, की तुला कामाचा परवाना ज्या कामासाठी मिळेल, तेच काम करावे. कोणी हौसेने शिकवणी घ्यावयास सांगितली, तरी आधी विचारून घ्यावे. नोकरदाराच्या जोरावर राहणाऱ्या पत्नीला किंवा पतीला तर परवान्यावाचून काहीच काम करता येत नाही, आणि काही व्यवसाय थाई नागरिकांसाठी राखून ठेवलेले आहेत. औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही खोकल्याच्या वा वेदनेच्या औषधांत अमली द्रव्य असते, आणि त्यावर तेथे निर्बंध आहेत. विजेवर चालणारी सिगारेट तर तेथे आणण्यासच बंदी आहे. हे मी तिला नव्हे, तिच्या भावाला उद्देशून बोलले, कारण तो पाहुणा म्हणून जाणारच! आरोग्यविमा काढल्यावाचून पाऊल उचलू नये. खासगी रुग्णालये उत्तम आहेत, पण बिलही तसेच असते. आजाराच्या संकटात १६६९, पोलिसांसाठी १९१, हे आकडे तोंडपाठ असावेत. आणि उद्या संसार झाला, मूल तेथे जन्मले, तर त्या जन्माची स्थानिक कचेरीत १५ दिवसांच्या आत नोंद करावी व आपल्या वकिलातीत वर्षाच्या आत करावी. तेथे जन्मले म्हणून परदेशी आईबापांचे मूल थाई नागरिक होत नाही, आणि आपली नोंद राहिली तर त्याच्या भारतीयत्वाचाही प्रश्न उभा राहतो.

“आणि माणसे कशी आहेत?” बीजींनी विचारले.

माणसे फार सभ्य आहेत. घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढतात, वडीलधाऱ्यांपुढे वाकतात, कोणाच्या डोक्याला हात लावीत नाहीत, कोणाकडे पाय करून बसत नाहीत. आपल्या आजीने शिकविलेले आठवले, की तेथे चुकत नाही. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागते, तेव्हा जेथे असू तेथे उभे राहावे. राजघराण्याविषयी थट्टेनेही उणा शब्द काढू नये. तो तेथे गुन्हा आहे आणि त्याला कित्येक वर्षांची कैद आहे. भेटल्यावर ते ‘सवात्दी’ म्हणतात. हा शब्द एका थाई पंडिताने आपल्या ‘स्वस्ति’वरून योजला आणि १९४३ साली तो सरकारी रीतीने रूढ झाला. अन्नाला ते ‘आहान’ म्हणतात, गुरूला ‘ख्रू’, भाषेला ‘फासा’. शब्द ओळखीचे वाटतात, पण त्या भाषेत पाच स्वर आहेत. स्वर चुकला, की अर्थ बदलतो. म्हणून न समजलेल्या प्रश्नाला कधीही हसून मान डोलावू नये.

हे शेवटचे वाक्य मी त्या मुलीला सांगितले, तसेच आपणांसही सांगते. आपल्याकडे प्रश्न विचारणे हे अडाणीपणाचे लक्षण समजण्याची वाईट खोड आहे. शिकलेल्या माणसाला तर ती अधिक. मी पदवीधर, इंग्रजी जाणणारी, तीन देश पाहिलेली. ‘म्हणजे काय?’ हे दोन शब्द मला अवघड गेले, आणि त्यापायी माझी लेक कित्येक आठवडे आईवाचून राहिली. बीजी शाळेत फारशा गेलेल्या नाहीत. पण पिठाचा प्रश्न त्यांनी न लाजता विचारला, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून त्या उठल्या नाहीत.

आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे आज देशोदेशी आहेत. कोणी उद्या निघतील. त्यांना निरोप देताना लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर एक कोरी वही द्यावी. पहिल्या पानावर राहण्याचा पत्ता असावा, तोही त्या देशाच्या लिपीत लिहून घेतलेला, म्हणजे वाट चुकल्यावर कोणालाही दाखविता येतो. दुसऱ्या पानावर मुदतीच्या तारखा. तिसऱ्या पानावर आपल्या वकिलातीचा आणि दोन शेजाऱ्यांचा क्रमांक. बँकॉकमध्ये आपली वकिलात सुखुम्वित मार्गावरील २३ क्रमांकाच्या गल्लीत आहे. शेजारी मात्र प्रत्येकाने आपले आपण शोधावयाचे असतात. कागद माणसाला त्या देशात राहू देतो, पण अडचणीच्या दिवशी मुलीची वेणी घालावयास शेजारीच लागतो. ह्या दोहोंपैकी एकावर भिस्त ठेवून दुसऱ्याची हयगय करू नये.

मुलगी गेली. पंधरा दिवसांनी बीजी लगबगीने आमच्या दारात आल्या. नातीचा निरोप आला होता आणि तो मला वाचून दाखवावा, अशी त्यांची इच्छा होती. तीन ओळींचाच निरोप होता. घरमालकिणीने दुसऱ्याच दिवशी वर्दी दिली. पावती मिळाली, ती पासपोर्टात ठेवली आहे. आटा मिळाला.

बीजींनी मला शेवटची ओळ दोनदा वाचावयास लावली.